फोटो दाखवणाऱ्याने आधी गप्प बसावं

मुंबईच्या उपनगरांतल्या फोटोग्राफर मंडळींत दोन तट आहेत, आणि ते कॅनन-निकॉनचे नाहीत. वेस्टर्नवाले आणि सेंट्रलवाले. वेस्टर्नवाल्यांकडे वर्सोव्याचा कोळीवाडा, गोराई-मनोरीचा किनारा आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान. आम्हा मुलुंड-भांडुपकरांकडे खाडी, मिठागरं आणि हिवाळ्यात येणारे रोहित (फ्लेमिंगो). नकाशात पाहिलं तर मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये फक्त जंगल आहे, पण बिबट्याला जमतं ते आम्हाला जमत नाही. आम्हाला दादरला उतरून गाडी बदलावी लागायची, नाहीतर घोडबंदर रोडवर बसमध्ये डुलक्या काढत जावं लागायचं. जून २०१४ मध्ये घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो सुरू झाली आणि हे दोन तट एका टेबलाशी जरा नेमाने बसू लागले.

एकत्र बसून एकमेकांच्या फोटोंवर बोलणं हा या शहराचा फार जुना उद्योग. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ची, मुंबईची १८५४ची. म्हणजे पुढच्याच वर्षी इथल्या लोकांना आपापले फोटो दुसऱ्यांपुढे मांडायची निकड वाटली. भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या सोसायटीच्या कार्यकारिणीवर होते आणि स्वतः उत्तम फोटो काढत. आमच्या टेबलाला नाव नाही, घटना नाही, अध्यक्ष तर नाहीच. कुणाच्या तरी घरी जमायचं, प्रत्येकाने मोजकेच फोटो आणायचे, चहा यजमानाचा आणि खाणं येणाऱ्यांचं. त्या बैठकांमधून जे उमगत गेलं ते पुढे मांडते आहे. क्रमांक सोयीसाठी दिलेत, महत्त्वाच्या क्रमाने नाहीत.

१. दाखवणाऱ्याने आधी गप्प बसावं

टेबलावर फोटो ठेवला की प्रत्येकाच्या तोंडून आपोआप गोष्ट सुरू होते. "पहाटे उठून गोराईची पहिली बोट पकडली, पाऊस लागला, छत्री नव्हती, लेन्सवर रुमाल धरला आणि तेवढ्यात..." ऐकणारे हळहळतात, आणि त्यांचं मत तिथेच बिघडतं. आता त्यांना फोटो दिसत नाही, भिजलेला मित्र दिसतो. भिजलेल्या मित्राला वाईट कोण म्हणणार?

म्हणून पहिली काही मिनिटं काढणाऱ्याला तोंड उघडायची मुभा नाही. आमच्यातले घाटकोपरचे एक काका निवृत्त वकील आहेत. त्यांना हा नियम सगळ्यात जड जातो. फोटोवर कुणी काही म्हणालं की त्यांचा हात वर जातो, जणू हरकत नोंदवायची आहे. पण गप्प राहिल्यावर कळतं की समोरच्याला त्या फोटोत पाऊसच दिसत नाहीये. आपल्याला दिसतो, कारण आपण त्यात उभे होतो. हे कळणं हाच त्या बैठकीचा अर्धा फायदा.

गोष्ट नंतर जरूर सांगावी. चहाबरोबर तिची चव वाढते.

२. "मस्त" झाल्यावर "कुठे?" विचारावं

मस्त, कडक, लय भारी, एक नंबर. हे शब्द वाईट नाहीत, माणसाला तेवढी उभारी लागतेच. पण त्यांतून काढणाऱ्याच्या हाती काही पडत नाही. आम्ही एक साधी युक्ती वापरतो. मत द्यायच्या आधी प्रत्येकाने बोट ठेवून दाखवायचं: माझी नजर आधी इथे गेली, मग इथे, आणि इथून ती फोटोबाहेर पडली. चांगलं-वाईट काही म्हणायचं नाही.

घाटकोपर स्टेशनच्या पुलावरून एका मित्राने संध्याकाळची गर्दी टिपली होती. त्या प्रवाहात एकच माणूस उलट्या दिशेला तोंड करून थांबलेला, आणि फोटो त्याच्यासाठी काढलेला. टेबलावरच्या सगळ्यांची बोटं एका पिवळ्या पिशवीवर जाऊन टेकली. थांबलेला माणूस दोघांनाच दिसला, तोही उशिरा. कुणीही टीका केली नाही, सल्ला दिला नाही, तरी मित्राला हवं ते सगळं मिळालं. पुढच्या वेळी त्याने तोच फोटो कृष्णधवल करून आणला. पिशवी गर्दीत मिसळून गेली आणि बोटं बरोबर त्या माणसावर पडली.

३. शेरा नेमका कशाला लागू आहे ते सांगावं

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून इथे जरा रेंगाळते.

कवितेवर कुणी सूचना केली तर कवी ओळ बदलू शकतो. फोटोचं तसं नाही. तो क्षण गेला, तो उजेड गेला, तो मुलगा आता दहावीत असेल. "दोन पावलं डावीकडे सरकायला हवं होतंस" हे कितीही खरं असलं तरी त्या फोटोसाठी त्याचा उपयोग शून्य. तरी ते बोलावं, पण पुढच्या वेळेसाठी आहे असं स्पष्ट म्हणून बोलावं. नाहीतर समोरचा माणूस घरी जाऊन कॉम्प्युटरवर दोन पावलं डावीकडे सरकायचा प्रयत्न करत बसतो.

माझ्या मते फोटोवरचे शेरे तीन ठिकाणी पोहोचू शकतात. एक, पुढच्या खेपेला. दोन, काढलेल्या फोटोच्या संस्काराला, म्हणजे क्रॉप, उजळपणा, रंग, प्रिंट. आणि तीन, निवडीला. यातला तिसरा सगळ्यांत दुर्लक्षित आहे, आणि मित्रांचा खरा उपयोग तिथेच होतो.

आजचे कॅमेरे एका सेकंदात वीसवीस फोटो काढतात. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांतला कुठला ठेवायचा हे काढणाऱ्याला धड ठरवता येत नाही, कारण ज्याच्यासाठी जास्त कष्ट पडले तोच त्याला जवळचा वाटतो. फिल्मच्या काळात कॉन्टॅक्ट शीट असायची. अख्ख्या रोलचे छोटे ठसे एका कागदावर, त्यावर लाल पेन्सिलीच्या खुणा. १९४७ साली स्थापन झालेल्या मॅग्नम या फोटोग्राफरांच्या सहकारी संस्थेने आपल्या सभासदांच्या अशा शीट्सचं मोठं पुस्तक २०११ मध्ये काढलं. नावाजलेल्या एका फोटोच्या आजूबाजूला किती चुकलेले, हुकलेले, अर्धवट फोटो असतात हे त्यात उघड दिसतं. मला ते पुस्तक कुठल्याही फोटोग्राफीच्या क्लासपेक्षा जास्त शिकवणारं वाटतं.

आम्ही तोच प्रकार टेबलावर करतो. एकाच विषयाचे छोटे छोटे प्रिंट काढणारा पत्त्यांसारखे पसरतो आणि स्वतः स्वयंपाकघरात जातो. घाटकोपरच्या दहीहंडीचे असे प्रिंट एकदा आमच्या टेबलावर होते. काढणाऱ्याचा जीव एका फोटोत अडकलेला: वरपासून खालपर्यंत सगळे थर, टोकाला हात उंचावून सलामी देणारा बालगोविंदा, मागे क्रेन आणि हंडी. बिचाऱ्याने त्यासाठी भर गर्दीत एका दुकानाच्या पायरीवर तासन् तास जागा धरून ठेवली होती. टेबलाने निवडला तो वेगळाच. त्यात वरचा थर नव्हता, हंडीही नव्हती. खालच्या थरातल्या एका पोराचा खांदा, त्यावर रुतलेलं वरच्याचं पाऊल आणि त्या पोराचे गच्च मिटलेले डोळे. एवढंच.

तो बाहेर आला, बघितलं, पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. सगळ्या थरांचा फोटो त्याने मोठा करून बैठकीच्या खोलीत लावला आहे आणि मिटलेल्या डोळ्यांचा प्रदर्शनाला पाठवला. दोन्ही निर्णय बरोबर आहेत असं मला वाटतं.

४. फुटपट्टी खिशात असावी, हातात नसावी

होरायझन तिरकं आहे. सब्जेक्ट मधोमध आहे. हायलाइट्स उडालेत. शार्प नाहीये. जरा क्रॉप कर.

ही वाक्यं प्रत्येक फोटो क्लबात ऐकू येतात आणि त्यांना इतिहास आहे. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया मुंबईत १९३७ मध्ये सुरू झाली. पुढे सलॉन नावाच्या स्पर्धा-प्रदर्शनांची परंपरा देशभर पसरली, आणि जागतिक महासंघाच्या, म्हणजे फियापच्या, पदव्या नावापुढे लावायची हौसही. या परंपरेने हौशी माणसांना प्रिंटची शिस्त लावली, रचना शिकवली. तिला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. पण सलॉनच्या परीक्षकापुढे एकेक फोटो काही सेकंद येतो. काही सेकंदांत पटकन उठून दिसेल, गोंधळ करणार नाही, सगळं जागच्या जागी असेल अशाच फोटोला गुण मिळणार. मग तीच सवय डोळ्यांना लागते आणि घरच्या टेबलावर तास हाताशी असतानाही आपण परीक्षकासारखे वागू लागतो.

सेबास्तियाव साल्गादोने १९९५ मध्ये चर्चगेट स्टेशनवर काढलेला फोटो आठवून पाहा. दोन गाड्यांच्या मधून माणसं वाहत आहेत, शटर इतकं संथ की बहुतेकांना चेहराच उरलेला नाही. फुटपट्टी लावली तर उत्तर येतं, "शार्प नाहीये." आणि तरी लोकलने रोज जाणाऱ्याला तो फोटो बघून आपल्याच बरगडीत कोपर लागल्यासारखं होतं. (अंधेरीपासून कल्याणपर्यंत प्रत्येक पुलावरून आता त्याची नक्कल होते, हा भाग निराळा. नक्कल दाखवणाऱ्याला "साल्गादो बघितलास का?" एवढंच विचारावं, पुढचं तो स्वतः समजतो.)

दुसरं उदाहरण आमच्या अंगणातलं. नयन खानोलकर यांना २०१६ मध्ये वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत शहरी वन्यजीवन विभागाचं पारितोषिक मिळालं. रात्रीची गल्ली, घरांच्या भिंती, दिव्याचा उजेड आणि त्या बोळातून जाणारा बिबट्या. आरे कॉलनीच्या परिसरातला हा फोटो मिळायला त्यांना चार महिने लागले. त्यांनी फ्लॅश असे लावले की ते गल्लीतल्या नेहमीच्या उजेडासारखे वाटावेत, आणि कॅमेरा असा ठेवला की बिबट्याने सगळी चौकट व्यापू नये. हा फोटो नाव न सांगता कुठल्याही क्लबात ठेवला तर निदान एकजण म्हणेल, "प्राणी लहान दिसतोय, क्रॉप कर." क्रॉप केला की उरतो फक्त बिबट्या, तो काय, ताडोबातही मिळतो. गल्ली गेली की फोटो गेला.

मग नियम सांगायचेच नाहीत का? सांगायचे. ती तिरकी रेष मला खरोखर अडवते आहे का, की "तिरकं असू नये" हे मला माहीत आहे म्हणून ती दिसते आहे, एवढं स्वतःला विचारून मग सांगायचे.

५. सगळ्यात नव्या माणसाने आधी बोलावं

आपल्याकडे कॅमेरा गळ्यात आला आणि चार केस पांढरे झाले की माणूस "सर" होतो. बाई असेल तर "मॅडम". सर आधी बोलले की टेबलावरचं बोलणं तिथेच संपतं; उरलेले तेच वेगळ्या शब्दांत म्हणतात. म्हणून आमच्याकडे सगळ्यात उशिरा आलेला सभासद पहिला बोलतो आणि सर शेवटी. सरांनाही ते आवडतं असं ते म्हणतात.

"कॅमेरा कुठला?" हा प्रश्न मात्र फोटोवरचं बोलणं संपेपर्यंत बंद. बोरिवलीच्या एक ताई बँकेतून निवृत्त होऊन आमच्यात आल्या. सगळे फोटो मोबाइलवरचे, सगळे त्यांच्या सोसायटीच्या जिन्यातले. कोपऱ्यातल्या चपला, दारावरची तोरणं, कुलपं. कुणीतरी सवयीने विचारलं, "फोनवर काढलेत का?" त्या ओशाळल्या आणि प्रिंट पिशवीत घालायला लागल्या. प्रश्न निरागस होता, पण तो फोटोविषयी नव्हता.

६. फोटोत जे आहेत त्यांनाही दाखवावा

वर्सोव्यात बोंबील सुकताना सगळ्यांनीच काढले आहेत. बांबूच्या वलांडीवर दोर ताणलेले, दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यांत अडकवून टांगलेले, मागून उन्हाची तिरीप. आमच्या टेबलाने अशा एका फोटोला भरभरून दाद दिली होती. पोत, पुनरावृत्ती, प्रकाश, सगळे शब्द वापरून झाले. मग काढणाऱ्या मुलीने तोच प्रिंट कोळीवाड्यातल्या मावशींना नेऊन दिला. खाली 'सुके बोंबील' असं लिहिलं होतं.

मावशींनी प्रिंट लांब धरून बघितला. "हे सुके कुठे गं? ओले आहेत अजून. आणि माझा हात कुठे गेला यात? मी टांगत होते तेव्हा काढलास ना?"

एका दमात दोन शेरे. पहिला माहितीचा, आणि आमच्यातल्या कुणालाही तो देता आला नसता. ओला बोंबील आणि सुका बोंबील यांच्यात आम्हाला फरक कळतो तो ताटात. दुसरा जास्त खोल. त्या मुलीने हात मुद्दाम चौकटीबाहेर ठेवला होता, "क्लटर नको" म्हणून. दोन महिने मासेमारी बंद राहिल्यानंतर, म्हणजे जून-जुलैनंतर, ज्या हातांना पुन्हा काम लागतं ते हात तिला क्लटर वाटले होते. आता तिच्याकडे हातांची अख्खी मालिका आहे. मावशींना त्यातलेही काही आवडत नाहीत.

७. काही फोटोंच्या रचनेवर बोलूच नये

पावसाळा लागला की तिबोटी खंड्याच्या घरट्याची कुजबूज सुरू होते. कर्नाळ्याकडे आहे, इथे आहे, तिथे आहे. या एवढ्याशा रंगीत पक्ष्याचं घरटं मातीच्या कडेतल्या बिळात असतं आणि त्यासमोर लेन्सची रांग लागली की चोचीत पाल किंवा खेकडा धरून आईबाप लांब फांदीवर ताटकळत बसतात. असा फोटो टेबलावर आला आणि त्याच्या पार्श्वभूमीचं, रंगांचं, चोचीतल्या भक्ष्याच्या शार्पनेसचं कौतुक झालं, की पुढच्या रविवारी आणखी चौघं तिथे जातात. म्हणून घरट्यावरच्या फोटोला आम्ही एकच विचारतो: किती लांब होतास, किती वेळ थांबलास? निसर्गछायाचित्रांच्या बऱ्याच स्पर्धाही आता असे फोटो घेत नाहीत.

फोटो कसा मिळाला हे विचारणं म्हणजे संशय घेणं असं काहींना वाटतं. वाटू दे. मघाच्याच वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत २००९चा मुख्य पुरस्कार फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला मिळाला होता. हा लांडगा ओळखीचा दिसतो, अशी शंका स्पेनमधल्या फोटोग्राफरच्याच समव्यवसायींनी काढली. लांडगा माणसाळलेला असावा असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि २०१० मध्ये पुरस्कार परत घेतला. फोटोग्राफरने आरोप नाकारला. फोटो बघायला आजही देखणा आहे.

८. उजेडात, कागदावर बघावं

हे थोडक्यात. मोबाइलचा पडदा सगळ्यांना सुंदर करतो. रंग चढवतो, सावल्या उघडतो. एकाच्या फोनवर गडद वाटणारा फोटो दुसऱ्याच्या फोनवर झगझगीत दिसतो आणि मग वाद फोटोचा न राहता ब्राइटनेसचा होतो. साधा आठ बाय बाराचा प्रिंट खिडकीजवळ ठेवा. निम्मे वाद मिटतात.

९. खूण पटली तरी औषध आपलं

मुलुंडच्या बाजूने ठाणे खाडीत काढलेला रोहितांचा एक फोटो. ओहोटीचा चिखल, त्यावर गुलाबी थवा आणि थव्याच्या बरोबर मागे विजेच्या उच्चदाब तारांचा मनोरा. टेबलावर एकजण म्हणाला, मनोरा पुसून टाक. दुसरी म्हणाली, वरून क्रॉप कर. सर म्हणाले, भरतीला बोटीतून जा, पक्षी जवळ मिळतील, मनोरा मागे येणारच नाही. तीन उपाय, तिन्ही एकमेकांना काटणारे. काढणारा वैतागला आणि "तुमचं आधी ठरवा" म्हणाला.

पण तिघांचंही एका गोष्टीवर एकमत होतं, फक्त त्यांनी ते तसं म्हटलं नव्हतं. तिघंही मनोऱ्याशी येऊन अडखळत होते. बघणाऱ्याला कुठे अडखळलं हे त्याच्याइतकं खात्रीने कुणी सांगू शकत नाही. तिथे काय करायचं हे मात्र काढणाऱ्याइतकं कुणाला कळत नाही. जाग्यावर तो उभा होता.

या माणसाने तिघांचंही ऐकलं नाही. तो पुन्हा पुन्हा जाऊन मनोरेच काढू लागला. खाडीत ओळीने गेलेले मनोरे, त्यांमधून गेलेल्या तारा आणि तळाशी, इतके लहान की आधी दिसू नयेत, असे रोहित. ठाणे खाडीच्या या पट्ट्याला २०१५ मध्ये रोहित अभयारण्याचं आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचं संरक्षण मिळालं. मनोरे तिथेच आहेत, पक्षीही येतात. तो फोटो मागच्या हिवाळ्यात टेबलावर आला तेव्हा सगळ्यात नव्या सभासदाने, कॉलेजात जाणाऱ्या अंधेरीच्या एका मुलाने, बोट आधी मनोऱ्यावर ठेवलं, तारेवरून खाली आणलं आणि पक्ष्यांवर थांबवलं. सर म्हणाले, पक्षी अजून थोडे मोठे हवे होते. त्यावर वाद सुरू झाला, चहा गार झाला, आणि वेस्टर्नवाल्यांना शेवटच्या मेट्रोसाठी पळावं लागलं.